गुण कमी करून मूळ शाखेत राहू देण्याबाबत

प्रति,
मा. उपकुलसचिव (शाखाबदल व शाखा-उन्नती),
अभियांत्रिकी महाविद्यालय,
मुख्य इमारत, तळमजला,
खिडकी क्रमांक सहाच्या मागची खोली.

विषय : अर्जदाराचे दुसऱ्या वर्षाचे सात गुण कमी करून तिला धातुशास्त्र शाखेतच राहू देण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे अभिनंदनाचे पत्र.
२) अर्जदाराचाच दोन वर्षांपूर्वीचा अर्ज. (हा कृपया वाचू नये. वाचला असल्यास खालील परिच्छेद ४ आधी वाचावा.)

महोदय,

१. सदर अर्जदार धातुशास्त्र शाखेच्या दुसऱ्या वर्षात वर्गात पहिली आली आहे. याबद्दल ती दिलगीर आहे.

२. निकालाच्या तिसऱ्या दिवशी आपले पत्र आले. त्यात 'हार्दिक अभिनंदन' असून पुढे असे आहे की, शाखा-उन्नती योजनेखाली अर्जदाराला संगणक शाखेत रिकामी झालेली जागा देण्यात येत आहे, तिने येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता संगणक विभागात हजर व्हावे, आणि हजर न झाल्यास तिचा महाविद्यालयातील प्रवेश संपुष्टात येईल. अभिनंदन आणि संपुष्टात हे दोन्ही शब्द एकाच पानावर आहेत. अर्जदाराच्या आईने पहिला वाचला आणि तेवढ्यावरच जिन्यातल्या सहाही बिऱ्हाडांची दारे वाजवून आली. आता खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर अर्जदाराला पाहिले की आपला बिघडलेला मोबाइल पुढे करतात.

३. अर्जदाराला संगणक शाखेत जायचे नाही. हे सांगण्यासाठी ती मंगळवारी खिडकी क्रमांक सहावर आली. खिडकीतल्या बाई स्वभावाने चांगल्या आहेत, ही गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे, कारण पुढे जे घडले त्यात त्यांचा काही दोष नाही. त्यांनी 'नकाराचा नमुना' दिला. त्यात नकाराची कारणे छापलेली आहेत : (अ) आजारपण, (आ) विवाह, (इ) कुटुंबातील मृत्यू, (ई) परदेशगमन, (उ) अनुत्तीर्ण. यांपैकी एकावर खूण करायची आहे. अर्जदाराने विचारले की, आहे ती शाखा आवडते असे असेल तर कोणत्या चौकोनात खूण करायची. बाई म्हणाल्या, "अहो, आवडत असेल तर नकार कशाला देताय?" अर्जदार म्हणाली, "इथली आवडते, म्हणून तिथे नको." बाईंनी नमुना उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "तसं कुणी येत नाही हो. येणारे सगळे इथून तिथे जायला येतात. इथेच राहायला म्हणून कुणी आलं नाही अजून."

त्यानंतर त्यांनी हेही सांगितले की, नमुना भरला तरी उपयोग नाही, कारण नकाराची मुदत निकालाच्या सात दिवस आधी संपते. निकालाच्या आधी आपण पहिले येणार हे अर्जदाराला कसे कळावे, असे विचारता बाई म्हणाल्या, "तेवढा आत्मविश्वास पाहिजे."

४. आता संदर्भ क्रमांक दोनविषयी.

दोन वर्षांपूर्वी प्रवेशाचा अर्ज अर्जदाराच्या मामांनी भरला. मामा नोंदणी कार्यालयाबाहेर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहून देतात. पसंतीक्रमाच्या पंधरा रकान्यांत त्यांनी चौदा शाखा लिहिल्या, आणि पंधरावा मोकळा सोडणे त्यांच्या धंद्याला शोभेना म्हणून तिथे धातुशास्त्र टाकले. पंधरावाच लागला. पहिल्या आठवड्यात अर्जदार वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन रडत असे. मामा आले. त्यांनी सांगितले, "रडायचं असेल तर कागदावर रड, तिथं आवक क्रमांक तरी पडतो." आणि त्यांनी अर्ज लिहिला. त्यात असे आहे की, अर्जदाराला धातूच्या वासाने घेरी येते. तिची अन्नावरची वासना उडाली आहे. घरातील सर्व माणसे हवालदिल झाली आहेत. आणि या शाखेत ती राहिल्यास एका होतकरू आयुष्याची माती होईल. खाली संमती : जेव्हा केव्हा वरच्या शाखेत जागा मिळेल तेव्हा अर्जदार ती विनातक्रार स्वीकारील. ही संमती पदवी मिळेपर्यंत लागू राहते, असे आता समजते.

महोदय, त्यातले एक अक्षर खरे नव्हते. पण अर्ज फार सुंदर होता. अर्जदाराने तो मैत्रिणीला दाखवला, मैत्रिणीने तो पुढे दिला. त्या आठवड्यात अर्जदाराने स्वतःच्या अक्षरात त्याच्या अठरा नकला करून दिल्या. नाव बदलायचे, बाकी तसेच. बत्तीस मुलांच्या वर्गात एका आठवड्यात एकोणीस जणांना धातूच्या वासाने घेरी येऊ लागली, तरी आपल्या कार्यालयाला संशय आला नाही. वर्षअखेरीस गुणांच्या क्रमाने त्यांतले सतरा निघून गेले. अर्जदार वर्गात खालून चौथी होती, म्हणून तिला कोणी नेले नाही.

म्हणजे जो वर्ग आज ओस पडला आहे तो अर्जदाराने आपल्या हाताने, निळ्या शाईने रिकामा केला आहे.

५. (हा परिच्छेद गुरुवारी खिडकीसमोर उभे राहून लिहिला आहे. अक्षराबद्दल क्षमा असावी.)

आपल्या कार्यालयाने अर्जदाराला राहण्याचे कारण विचारले आहे. विचारणे योग्यच आहे. परंतु जाणाऱ्यांना आणि येणाऱ्यांना ते कोणी विचारले नाही, एवढे नजरेस आणू इच्छिते. अर्जदाराच्या खोलीतली एक मुलगी स्थापत्य शाखेत आहे, कारण रांगेत तिच्या पुढे उभ्या असलेल्या मुलीने स्थापत्य सांगितले आणि हिला वाटले की तिला काहीतरी माहीत असेल. दुसरी विद्युत शाखेत आहे, कारण थोरल्या बहिणीची पुस्तके घरात होती. पहिलवान नावाने ओळखला जाणारा एक मुलगा यंत्र शाखेत गेला तो 'नावात दम आहे' म्हणून. आता त्याला रेषा सरळ येत नाहीत, पण मित्र तिथे आहेत म्हणून तो टिकून आहे. संगणक शाखेतले निम्मे लोक विचारले तर म्हणतात, "गुण होते ना, मग काय करणार?" जणू काही गुण ही सर्दी आहे, झाली की नाक तिकडेच वळते.

यांपैकी कोणाकडूनही आपल्या कार्यालयाने चौकोनावर खूण मागितलेली नाही.

६. तरीही अर्जदाराने कारण लिहिण्याचा प्रयत्न केला. नमुन्यात 'इतर' असा चौकोन नाही, म्हणून बाईंनी मेहेरबानी करून मागच्या बाजूला एक ओळ लिहायला परवानगी दिली. "एकच ओळ हं, स्कॅनमध्ये दुसरी येत नाही." अर्जदाराने पुढीलप्रमाणे ओळी लिहिल्या व खोडल्या :

धातुशास्त्राला देशात मोठा वाव आहे. (खोटे. अर्जदाराला माहीत नाही.)

अर्जदाराला भट्टीची सवय झाली आहे. (बाई म्हणाल्या, सवय हे व्यसनात धरतील.)

अर्जदाराला वस्तू का मोडतात ते समजू लागले आहे. (बाईंनी हे दोनदा वाचले. मग म्हणाल्या, "हे कारण आहे का?")

७. हे कारण आहे का, ते अर्जदार सांगते. ओळ एकच होती, म्हणून तिथे मावले नाही.

अर्जदाराची आई रुग्णालयात आया आहे. तिच्या वॉर्डातल्या रुग्णांना ने-आण करण्याच्या ढकलगाडीचे पुढचे चाक ज्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, बैठकीत बसते ती बैठक वर्षात तीनदा मोडली. तिसऱ्या वेळी गाडीवर एक म्हातारी होती. ती पडली नाही. आईने तिला अंगावर झेलले आणि आईचा खांदा निखळला. मोडलेला तुकडा आईने रागाने पिशवीत टाकून घरी आणला, फेकून द्यायला विसरली, आणि अर्जदार तो महाविद्यालयात घेऊन आली.

भट्टीशाळेचे फोरमन, ज्यांना सगळे भट्टीकाका म्हणतात, त्यांनी तुकडा हातात घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मोडलेल्या तोंडावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे होती, शेकड्याने. काका म्हणाले, "वाळू ओली होती. ज्याने साचा भरला त्याला घरी जायची घाई होती." एवढेच. कुठल्या कारखान्यातल्या कुठल्या माणसाची घाई अर्जदाराच्या आईच्या खांद्यात जाऊन बसली होती, आणि ती डोळ्यांनी दिसत होती. अर्जदार तोवर खालून चौथी होती. त्या दिवशी तिने जेवायची घंटा ऐकली नाही.

मग तिने तशी बैठक स्वतः ओतायची ठरवले. वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची, आणि वडी मधोमध मोडायची. कडा ढासळल्या तर वाळू कोरडी. हाताला चिकटली तर ओली. दोन्ही तुकड्यांच्या कडा धारदार राहिल्या तर साचा भरायचा. अर्जदाराची पहिली बैठक फुकट गेली. दुसरीही. काका म्हणायचे, "बाई, तू वाळूशी बोलतेस कमी आणि रागावतेस जास्त." सहावी बाहेरून फक्कड निघाली, कापली तर आत पोकळी. आठवी चांगली निघाली. ती गाडीला बसून आता सात महिने झाले.

अर्जदाराने त्यानंतर अभ्यास केला. आवडले म्हणून अभ्यास केला, अभ्यास केला म्हणून पहिली आली, आणि पहिली आली म्हणून आता आवडते ते सोडून जायचे आहे. यात चूक कोठे झाली हे अर्जदाराने पुष्कळ शोधले. कडा दोन्हीकडे धारदार आहेत.

८. परिच्छेद आठ रद्द. त्यात अर्जदाराने नियमांविषयी काही शब्द वापरले होते.

९. बुधवारी परिस्थिती आणखी बिघडली. अर्जदार पुन्हा पुन्हा येते म्हणून बाईंनी तिची जुनी फाइल काढली, आणि संदर्भ क्रमांक दोन वाचून त्या दचकल्या. "तुम्हाला धातूच्या वासाने घेरी येते आणि तुम्ही दोन वर्षं भट्टीपाशी उभ्या आहात? उद्या काही झालं म्हणजे जबाबदार कोण?" तासाभरात भट्टीशाळेच्या दारावर सूचना लागली की, सदर विद्यार्थिनीस प्रकृतीच्या कारणास्तव आत सोडू नये. काकांनी सूचना वाचली, अर्जदाराकडे पाहिले आणि दार उघडेच ठेवून ते दुसरीकडे बघत उभे राहिले. पण अर्जदार आत गेली नाही. त्यांची नोकरी दोन वर्षे उरली आहे.

अर्जदार दवाखान्यात गेली आणि घेरी येत नसल्याचा दाखला मागितला. डॉक्टर म्हणाले, आजार बरा झाल्याचा दाखला देता येतो, पण त्यासाठी आजार झाल्याची नोंद लागते. नोंद नाही. झालाच नव्हता, असे अर्जदाराने सांगितले. डॉक्टर म्हणाले, "मग जो झाला नाही तो बरा कसा करू?" ते माणूस म्हणून बरोबर बोलले.

१०. आता मुख्य मागणी.

अर्जदारानंतर वर्गात जो दुसरा आला आहे तो सहा गुणांनी मागे आहे. त्याने उन्नतीची संमती दिलेली नाही. तो त्या आठवड्यात गोवराने अंथरुणावर होता आणि अर्जाची नक्कल घ्यायचे त्याचे राहून गेले. म्हणजे अर्जदाराचे सात गुण कमी झाले तर तो पहिला येईल, त्याची संमती नसल्यामुळे त्याला कोणी हलवणार नाही, रिकामी जागा एकच व ती फक्त पहिल्या क्रमांकाला असल्यामुळे दुसऱ्या आलेल्या अर्जदारालाही कोणी हलवणार नाही, आणि वर्गात पंधरा मुले राहतील.

पंधरा हा आकडा आपणांस माहीत आहे. मुले पंधराच्या खाली गेली की शाखा गोठवायची, असा ठराव आहे. अर्जदार सोमवारी दहा वाजता दोन मजले चढून संगणक विभागात गेली की खाली चौदा उरतात. त्या चौदा जणांना जिथे जागा असेल तिथे वाटून टाकतील. त्यांच्यातल्या एकीने अर्जदाराला काल जिन्यात विचारले, "तू खरंच जाणार का गं?" अर्जदार म्हणाली, "प्रयत्न चालू आहेत." ती म्हणाली, "कसले, जायचे का राहायचे?" दोन वर्षांपूर्वीच्या अर्जाची नक्कल तिलाही अर्जदारानेच दिली होती. तिला कोणी नेले नाही, आणि आता तिला इथे राहायचे आहे.

सात गुण कोठून काढावेत हेही अर्जदार सुचवते. चौथ्या प्रश्नात भट्टीची आकृती आहे. आठपैकी सात मिळाले आहेत. धुराड्याची उंची अर्जदाराने अंदाजाने काढली आहे. अर्जदार त्या विषयाच्या सरांना घरी जाऊन भेटली व आकृती चुकीची ठरवावी अशी विनंती केली. सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "पंचवीस वर्षांत गुण वाढवायला आलेली पोरं पाहिली, रडणारे बाप पाहिले. तू नवीनच आहेस." मग म्हणाले, "आकृती बरोबर आहे. बरोबरला मी चूक म्हणायचं, आणि तेही तुझ्यासाठी? मग तू इथे राहून माझ्याकडून शिकणार काय?" फेरतपासणीचाही अर्ज केला. फेरतपासणीत गुण वाढले. आता नऊ कमी करावे लागतील. विषयाच्या ओळीत तशी दुरुस्ती समजावी.

११. अर्जदाराने परीक्षेत कॉपी केल्याचे कबूल करण्याचीही तयारी दाखवली, कारण चौकशी चालू असलेल्याला उन्नती मिळत नाही. परीक्षेला ज्या पर्यवेक्षक बाई होत्या त्यांनी सही करण्यास नकार दिला. त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गात मान हलली तरी मला दिसते. तुझी तर पापणी हलली नव्हती."

१२. घरच्यांचे म्हणणे नोंदवणे न्यायाचे होईल. आई म्हणते, "लोक त्या शाखेसाठी देव पाण्यात घालून बसतात, आणि तुझ्याकडे ती चालत आलीय. चाक बसवलंस, गाडी फिरली, माझा खांदाही बसला. आता तूही पुढे सरक की." अर्जदार म्हणाली की ती पुढेच सरकते आहे. आई म्हणाली, "मग मला मागे का दिसतेस?" आणि तिने डबा भरून हातात दिला. मामांना अर्जदाराने हा अर्ज लिहून द्यायला सांगितले. ते तासभर कोऱ्या कागदाकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "माझ्या हातचा मंजूर झालेला अर्ज नामंजूर करून मागणारी तूच पहिली. मला खोटं लिहायची सवय, हे तुझं तू लिही." म्हणून हा अर्ज अर्जदाराने स्वतः लिहिला आहे. तो सुंदर नाही.

१३. आज शनिवार आहे. खिडकी एक वाजता बंद होते. आता सव्वाबारा झाले आहेत. बाईंनी आतून येऊन सांगितले की साहेब सोमवारशिवाय भेटणार नाहीत, आणि सोमवारी अकराला. दहानंतर अकरा वाजतात, हे अर्जदाराने त्यांच्या लक्षात आणून दिले. बाईंनी मान खाली घातली. त्यांनी अर्जदाराला खिडकीशेजारच्या बाकावर बसायला सांगितले आणि पाणी दिले.

बाकावरून समोरचा सूचनाफलक दिसतो. त्यावर, ऊन लागून पिवळी पडलेली, आपल्याच सहीची एक जाहिरात आहे : भट्टीशाळेसाठी मदतनीस, पद एक, सहा वर्षांपासून रिक्त. पात्रता : दहावी उत्तीर्ण. वाळू चाळणे, साचे भरणे, भट्टी साफ करणे. वीस किलो वजन उचलता आले पाहिजे. अर्ज खिडकी क्रमांक सहावर, कोणत्याही कामकाजाच्या दिवशी. महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यास हे पद देता येणार नाही.

अर्जदाराने शेवटचे वाक्य तीनदा वाचले.

सोमवारी दहा वाजता ती संगणक विभागात हजर झाली नाही, तर दहा वाजून एक मिनिटाने ती या महाविद्यालयाची विद्यार्थिनी राहत नाही. आपल्या पत्रात तसे स्पष्ट आहे.

१४. तरी आपणांस नम्र विनंती की, वरील परिच्छेद १ ते १२ मधील मागणी सोमवारी दहाच्या आत मान्य करता आली तर मान्य करावी. अर्जदार जन्मभर ऋणी राहील, वर्गात यापुढे कधीही पहिली येणार नाही, आणि तसे लेखी द्यायला तयार आहे.

मान्य करता आली नाही, तर हाच अर्ज सोमवारी दहा वाजून एक मिनिटापासून भट्टीशाळा मदतनीस या पदासाठीचा अर्ज समजावा. शाखा गोठली तरी भरून ठेवलेली वाळू आणि मंजूर झालेले बीड वर्षभर पुरेल, असे काका म्हणतात. तोवर कोणीतरी भट्टी साफ करायला लागेलच. अर्जदाराला पदवी मिळणार नाही, हे तिला समजते. आईला अजून सांगितलेले नाही. पण वर्षभरात साठ-सत्तर ओतकामे होतील, आणि त्यातले प्रत्येक कापून बघता येईल.

प्रकृतीविषयी आक्षेप आल्यास सोबतचा कागद क्रमांक चार पाहावा. तो डॉक्टरांचा नाही. काकांनी तो आज सकाळी भट्टीशाळेच्या उघड्या दारात उभे राहून, आपल्या नोकरीची पर्वा न करता लिहून दिला आहे.

खिडकी बंद होईपर्यंत बाकावर बसून असलेली,

अर्जदार
(सही)
शनिवार, दुपारी बारा पन्नास

सोबत :
१) अभिनंदनाचे पत्र (मूळ प्रत, परत करीत आहे).
२) दहावीची गुणपत्रिका.
३) मोडलेल्या तोंडाचे छायाचित्र, शंभरपट मोठे केलेले.
४) फोरमन यांचा दाखला, हस्ताक्षरात : "हिला घेरी येत नाही. वीस किलोची अट आहे, ही पंचवीस उचलते. मी सोमवारी आठ वाजता भट्टी पेटवतो आहे. वितळलेल्या बिडाच्या भांड्याला दोन माणसं लागतात. दुसरं माणूस म्हणून मी हिचं नाव लिहिलं आहे, विद्यार्थी का नोकर ते तुम्ही ठरवा."